खळ्यावरची मजुरी

नमकीनवाल्याच्या दुकानात संध्याकाळी परात पुसली की तळाशी शेवेचा चुरा उरतो. दिवसभर तोलून तोलून मोडलेली, तिखटाची भुकटी झालेली ती शेव कोणी मागत नाही, म्हणून दुकानदार ती स्वस्तात काढतो. गयाबाईला ही गोष्ट मिल बंद पडल्यावर चौथ्या महिन्यात कळली, आणि तेव्हापासून तिच्या घरात आठवड्यातून तीनदा शेवेची भाजी होऊ लागली. एक कांदा, तेलाचं बोट, दोन तांबे पाणी, आणि उकळी फुटल्यावर मूठभर चुरा. मीठ-तिखट त्यात आधीचंच, बेसनही असतंच, त्यामुळे रस्सा आपोआप दाट होतो. चार माणसं त्यात पोळी बुडवून जेवतात आणि आज भाजी नव्हती असं कोणाला म्हणता येत नाही.

इंदूरच्या माणसाच्या ताटात शेव पडली की त्याची निम्मी तक्रार मिटते, असं ती म्हणायची. उरलेल्या निम्म्या तक्रारीचं काय करावं हे मात्र तिला अजून सापडलेलं नव्हतं.

ती निम्मी तक्रार म्हणजे पोळी. भाजीत पाणी वाढवता येतं, चहात दुधाऐवजी गूळ टाकून कोरा पिता येतो, सियागंजच्या घाऊक बाजारात डाळीची चुरी मिळते, फुलकोबीवाले पाला फेकून देतात तो आणता येतो. पिठात काय वाढवणार? रेशनचा लाल गहू पंधरवड्यात संपायचा. मग ज्वारी, मग मका, मग मक्यात थोडी ज्वारी. मोठ्यांना दोन आणि मुलींना तीन, असा तिनं नियम केला होता. पंधरा वर्षांची धम्मदीना तिसरी भाकर धाकट्या कीर्तीच्या ताटात सरकवायची आणि मैत्रिणीकडे खाल्लं म्हणून सांगायची. त्या मैत्रिणीचा बाप पण मिलमध्येच होता, हे गयाबाईला माहीत नव्हतं असं थोडंच.

तिच्या नवऱ्याची, शंकररावांची, मिलमध्ये सव्वीस वर्षं झाली होती, सगळी मागावर. आता ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा नसला तरी धुतलेला शर्ट घालून मिलच्या गेटावर जात. तिथं युनियनवाल्यांचा तंबू होता. दुपारपर्यंत बसायचं, घोषणा द्यायच्या, परत यायचं. मिल बंद पडून पंधरा महिने झाले होते आणि तंबूतली माणसं रोडावत चालली होती. कोणी भाजीचा ठेला लावला, कोणी ऑटो चालवायला घेतला. देशात नवी धोरणं आली म्हणे. गयाबाईच्या लेखी त्यांचं एकच चिन्ह होतं, किराणा दुकानात दोरीला लटकणारी चकचकीत पाकिटं. कीर्ती त्यांच्याकडे बघत राहायची. आणि तोच दुकानदार, जो पूर्वी "और क्या दूँ भाभीजी?" असं विचारायचा, तो आता तिची पुडी बांधली की सरळ मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. उधारी नाकारली असती तर तिला एवढं लागलं नसतं. ती उधार मागतच नव्हती.

मार्च संपता संपता शेजारची प्रेमलता तिच्याकडे आली. हिचा नवराही मिलमधलाच, आता कुठंतरी चौकीदारी करायचा. प्रेमलता दारातच बसली आणि शेगडीत भुसा ठासणाऱ्या गयाबाईकडे बघत राहिली.

"गयाबाई, गहू पाहिजे ना तुला?"

"कोणाला नको?"

"मग दुकानाकडं काय जाते, गव्हाकडं चल ना. हातोदच्या पुढं गोपीनाथ पटेल आहे, त्याची कटाई सुरू होते सोमवारपासून. मागच्या साली मी गेली होती. दिवसाचे पाच किलो गेहूँ. शेवटी एकदम मिळतो. पैसे पण देतो तो, पण पैसे नको घेऊ."

"का?"

"पैसे घरी येईपर्यंत अर्धे होतात. गेहूँ बोरीत भरला की तो कुठं जात नाही, बस."

गयाबाईला हे पटलं. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. एकटी गेली तर अकरा-बारा दिवसांचे पंचावन्न-साठ किलो, म्हणजे महिनाभर आणि वर थोडं. दोघं गेले तर शाळा उघडेपर्यंत पिठाचा डबा रिकामा वाजणार नाही. पण दुसऱ्याला विचारायचं कसं? मागावरच्या माणसाला विळा धरायला सांगायचं म्हणजे अवघड होतं.

संध्याकाळी तिनं विचारलं. शंकररावांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "काम आहे ना?"

"कामच आहे."

"मग येतो. कामाची लाज नाही मला. पण एक ऐकून ठेव. मजुरी घ्यायची. दुसरं काही नाही. ना कोणाचं शिळं, ना कोणाची छाछ. आपल्या बापानं सांगून ठेवलंय."

ते त्यांच्या बापाला सगळ्यांचा बाप असल्यासारखं 'आपला बाप' म्हणत. सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती. आजेसासरे महूच्या पलटणीत होते आणि त्यांच्याही आधीचे कुठल्याशा गावात खळ्याच्या कडेला उभे राहायचे, एवढं गयाबाईनं ऐकलेलं होतं. घरात ही गोष्ट फार वेळा निघत नसे, पण निघाली की शंकररावांचा आवाज बदलत असे.

सोमवारी पहाटेच्या बसनं ती तिघं हातोदला उतरली आणि तिथून कोसभर चालत गेली. पटेलचं शेत सपाट, काळं, आणि गहू असा पिवळा पडलेला की वाऱ्यानं नुसता वाजत होता. गोपीनाथ पटेल साठीच्या आतबाहेरचा, एका गुडघ्यानं अधू, डोक्याला पंचा. त्यानं माणसं नजरेनं मोजली आणि शंकररावांच्या पायातल्या चपला बघितल्या.

"कां का हो भिया?"

"इंदौर के."

"वो तो बस देखी ने समजी गयो. कौन लोग?"

शंकररावांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मिल के लोग," ते म्हणाले.

पटेलला तेवढं पुरलं. त्यानं दोन विळे पुढे केले.

पहिल्या दिवशी शंकररावांनी अर्धी ओळ कापेपर्यंत बायका शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. विळा त्यांच्या हातात वळतच नव्हता. मुठीत धाटं जास्त येत, मग ती ओढावी लागत, मग मुळं उपटून येत. दुपारपर्यंत उजव्या हाताला तीन फोड आले आणि एक फुटला. प्रेमलता मागून म्हणाली, "भिया, गेहूँ आहे, दुश्मन नाही." गयाबाईला हसू आलं आणि लगेच आपण हसलो याचं वाईटही वाटलं. ती त्यांच्या शेजारची ओळ धरून मुद्दाम हळू कापू लागली. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही न बोलता ओळ बदलली.

पण पेंढ्या बांधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. शंकररावांनी पाण्यात भिजवलेली चार धाटं घेतली, पीळ दिला, आणि पेंढीखालून काढून अशी गाठ मारली की बघणाऱ्याला बोटं दिसलीच नाहीत. मागावर तुटलेला धागा चालत्या यंत्रात जोडणारी बोटं होती ती. दुसरी, तिसरी, दहावी. पटेलनं एक पेंढी उचलून हलवून पाहिली, पाडून पाहिली. सुटली नाही.

"बाँधनो तुम्हारो काम, भिया. काटने दो बायराँ को."

तेव्हापासून बायका कापत आणि शंकरराव मागून बांधत येत. त्या संध्याकाळी बसमध्ये ते पंधरा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले. गाठीविषयीच बोलले, पण बोलले.

दुपारी सगळे बाभळीखाली बसत. पटेलच्या घरून ताकाची कळशी यायची. एकच लोटा होता, म्हणून पटेलचा माणूस वरून धार धरायचा आणि सगळे ओंजळीनं प्यायचे. प्रेमलता प्यायची, गावातले मजूर प्यायचे. एकदा खुद्द पटेलही असाच ओंजळीनं प्याला. शंकरराव आपल्या डब्याजवळ पाठ करून बसत आणि घरून आणलेल्या कॅनमधलं कोमट पाणी पीत. गयाबाईही नको म्हणायची. कॅनमधल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येत असे.

कापताना ती सारखी पोळ्या मोजायची. एका मुठीत किती दाणे, एका पेंढीत किती मुठी, आणि त्यातून आपल्या घरात कितीव्या दिवसाची कोणती पोळी येणार. चौथ्या दिवशी तिनं मनात मे महिना गाठला. सातव्या दिवशी जून लागला. ऊन चढत जायचं, कुसळं पोलक्यात शिरायची, कंबर अशी धरायची की उभं राहताना गुडघ्यावर हात टेकावा लागे. रात्रीच्या जेवणानंतर ती शंकररावांच्या कमरेला तेल लावायची, तेही बोटभरच. आणि ते म्हणायचे, आता तुझी दे. अकरा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी शेत रिकामं झालं आणि दुसऱ्या दिवशी थ्रेशर आला.

मजुरी द्यायचा दिवस शनिवार ठरला. गयाबाईनं दोन बोऱ्या धुऊन, उसवलेल्या जागी शिवून बरोबर घेतल्या.

खळं सारवलेलं होतं. मधोमध गव्हाची रास, माणसाच्या छातीपर्यंत. राशीपुढे नारळ, उदबत्ती. पटेलनं जोडे बाहेर काढले, आणि गावातल्या मजुरांनी काढले, प्रेमलतेनंही काढले. पटेलनं पहिलं सूप भरून देवाच्या नावानं बाजूला ठेवलं. मग दुसरं सूप भरलं आणि सगळ्यांत वयानं मोठा म्हणून आधी शंकररावांना हाक मारली.

"शंकर भिया, आओ. पाँव का जोड़ा उतारी ने आओ. गमछो फैलाओ."

शंकरराव खळ्याच्या कडेला उभे होते, चपला पायात. ते हलले नाहीत.

"किसलिए?"

"अरे लो तो. रास को दानो है."

"हम लोग फैला के नहीं लेते, पटेल."

पटेलला वाटलं शहरातला माणूस लाजतोय. तो हसला. "फैलाए बिना कां डालूँ? थारी जेब में?"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, गयाबाईला ते नक्की माहीत होतं, कारण ती स्वतःही हसता हसता राहिली होती. पण शंकररावांच्या कानात ते हसू कुठल्या तरी दुसऱ्याच खळ्यावरून आलं.  त्यांनी गमछा खांद्यावर नीट टाकला.

"हमारी जो मजूरी होगी, वो मजूरी जैसी दे देना," ते म्हणाले आणि वळून बांधावरून चालू लागले. मागं बघितलं नाही.

पटेल भरलेलं सूप हातात घेऊन तसाच उभा. ते राशीत परत ओतता येत नव्हतं, तशी रीत नव्हती. शेवटी त्यानं एक पोतं अंथरलं आणि त्यावर ते सूप रिकामं केलं. त्याचाही चेहरा उतरला होता. "अपसगुन करी ग्या," असं काहीसं तो पुटपुटला. मग त्यानं पुन्हा सूप भरलं आणि गयाबाईकडे पाहिलं.

तिनं रस्त्याकडे पाहिलं. शंकरराव एवढेसे दिसत होते. हाक मारली तर ऐकू गेली असती. पण हाक मारून काय म्हणणार? तिच्या डोळ्यांपुढे पिठाचा डबा आला आणि तळाला वाटी खरवडल्याचा आवाज आला. तिनं चपला काढल्या, राशीपुढे गेली आणि पदर पसरला.

गहू उन्हानं तापलेला होता. पदरातून त्याची ऊब पोटाला लागली. तिला इतकं बरं वाटलं की त्याच क्षणी लाजही वाटली, आणि दोन्हीतलं आधी कोणतं आलं ते तिला सांगता आलं नसतं. तो दाणा तिनं बोरीत ओतला. मग पटेलचा माणूस काटा घेऊन आला आणि टोपलीनं तोलून गहू टाकू लागला. दहा, वीस, तीस. पंचावन्न किलो भरले तेव्हा त्यानं बोरी बाजूला केली.

तेव्हा कुठं तिला उमगलं. सूप ही नुसती सुरुवात होती. मजुरी त्याच्या मागून येत होती, तोलून, पूर्ण, आणि सूप तिच्यावर जास्तीचं. ही गावाची रीत, आलेल्या प्रत्येकाला. तिनं पटेलला विचारलं, "उनका भी दे दो ना. मैं ले जाती हूँ."

"नी. जिकी मजूरी, उके हाथ में. दूसरा के नी दूँ. कल को बोलेगा पटेल ने बाई को टरका दियो."

"वो नहीं आएँगे तो?"

"तो पड्यो रहेगो," पटेल म्हणाला.

प्रेमलतेनं बोरी बसवर चढवायला मदत केली. रस्ताभर ती गयाबाईशी बोलली नाही, हे तिचं शहाणपण.

घरी कीर्तीनं कोपरापर्यंत हात गव्हात घातले. धम्मदीना दोन किलो घेऊन चक्कीवर पळाली. शंकरराव भिंतीला टेकून बसले होते. गयाबाईनं पहिली पोळी तव्यावर टाकली, ती टम्म फुगली, मुली बघत राहिल्या. ती ताटात वाढू लागली तेव्हा ते म्हणाले, "मला ज्वारीची कर."

"अहो, मजुरीच आहे ही. तोलून दिली त्यानं. सूप फक्त आधीचं—"

"पदरात टाकलं की नाही?"

तिनं ती पोळी कीर्तीच्या ताटात टाकली.

"पदरात टाकतात त्याला मजुरी म्हणत नाहीत," ते म्हणाले. "बापाच्या आज्याला लांबून टाकायचे. अर्धं धुळीत पडायचं, ते वेचून आणायचा तो. आपल्या बापानं मरताना माझ्याकडून वदवून घेतलंय, कोणापुढं पसरून घ्यायचं नाही."

त्या दिवसापासून घरात दोन परातींत पीठ मळलं जाऊ लागलं. एका परातीत गव्हाचं, तिघींसाठी. दुसऱ्या परातीत मूठभर ज्वारीचं. मुलींना पोळी गोड लागेना. धम्मदीनानं दुसऱ्या दिवशी मलाही ज्वारीची दे म्हटलं आणि गयाबाईनं तिला एवढ्या जोरात झिडकारलं की कीर्ती रडायला लागली. असा गहू आणून काय उपयोग, असं गयाबाईच्या मनात आलं. मग तिला रागही आला. आधी गव्हाचा, मग पटेलचा, मग मेलेल्या सासऱ्याचा. सगळ्यांत शेवटी तिला नवऱ्याचा राग आला, आणि तो आल्यावर बाकीचे सगळे राग निघून गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्वारीची भाकर थापता थापता तिनं हात थांबवला.

"एक विचारू?"

"विचार."

"अकरा दिवस कापताना वाकलोच ना आपण? सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. तुमची कंबर मी रोज चोळलीय. तेव्हा वाकलेलं चाललं. आणि आपलंच उचलायला एकदा वाकायचं तर नाही?"

त्यांनी पाण्याचा तांब्या ओढून घेतला.

"तुमची मजुरी तिथंच पडलीय. खळ्यावर. तुम्ही गेला नाहीत तर ती पटेलचीच होणार. मग काय झालं, ते सांगा मला. अकरा दिवस तुम्ही त्याला फुकट बांधून दिलं. तुमच्या बापाचा आजा फुकट राबायचा, म्हणूनच ना गावकी, मागून खाणं, एवढं सगळं सोडलं आपल्या लोकांनी? याला वेठबिगारी म्हणतात. त्याच्यावर तेव्हा जबरदस्ती होती. तुमच्यावर कोणी केली?"

धम्मदीना पुस्तकातून वर बघत होती. शंकरराव बायकोकडे बघत राहिले, आणि गयाबाईला वाटलं आपण जरा जास्तच बोललो. तिनं भाकर तव्यावर टाकली. बोलून गेलेलं परत घ्यायची तिची मात्र तयारी नव्हती. ते जेवले, ज्वारीचीच भाकर, आणि हात धुऊन बाहेर ओट्यावर बसून राहिले.

सकाळी त्यांनी दाढी केली. गयाबाईला वाटलं, गेटावर निघाले. ते म्हणाले, "शिवलेली दुसरी बोरी कुठाय?"

हातोदला उतरून ती दोघं चालत गेली तेव्हा ऊन तापलं होतं. रास घरात गेली होती, खळं रिकामं होतं. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली लहानसा ढीग होता आणि त्याच्या शेजारी खाटेवर गोपीनाथ पटेल झोपलेला. चाहूल लागताच तो उठून बसला आणि आधी शिव्याच देऊ लागला.

"तीन रात हुई गी! बकरी हाँकूँ के चिड़ी उड़ाऊँ? म्हारी बहू बोले, दादा बुढ़ापा में पगला ग्या."

"घर में रख लेते," शंकरराव म्हणाले.

"थारी मजूरी म्हारा घर में कसे धरूँ?" पटेल म्हणाला. त्याला हा प्रश्नच कळला नव्हता. "थारो है, थारा घर जावे. पचपन किलो तोली ने धर्यो है. भरोसो नी होय तो काँटो वां पड्यो."

"और ऊपर का?"

"वो पेलो सूप. वो नी तोले भिया. वो तो रास देवे, मैं कौन?"

शंकररावांनी त्या ढिगाकडे पाहिलं. ताडपत्रीच्या कडेनं दगड ठेवले होते, वारा येऊ नये म्हणून. गयाबाई मागं उभी होती. ती मध्ये पडली नाही.

त्यांनी चपला काढल्या. खळ्यावर पाय ठेवला. गमछा खांद्यावरून काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी धरून पसरण्याऐवजी जमिनीवर अंथरला. त्याचे चार कोपरे नीट केले आणि त्याच्या अलीकडे उकिडवे बसले.

सूप भरायला पटेल वाकला तेव्हा त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. तो एका हातावर रेलत, कण्हत, खाली बसला. मग बसूनच त्यानं सूप भरलं आणि बसूनच गमछ्यावर ओतलं. दोघं समोरासमोर, मध्ये गहू. शंकररावांनी बाहेर उडालेले चार दाणे बोटानं वेचून आत टाकले. मग ते उठले आणि पटेलच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

"परसों से लसन निकालनी है," पटेल खाटेवर टेकत म्हणाला. "तुम्हारा हाथ बाँधने में अच्छो है. आओगा?"

"आऊँगा. पर मजूरी रोज की रोज. शाम को. तोल के."

"रोज की रोज ले जाजो. लसन की थोड़ी रास होय?"

"और सूप नहीं चाहिए."

"लसन को सूप माँगे भी कौन," पटेल म्हणाला, आणि या वेळी शंकररावही हसले.

काट्यावर त्यांनी बोरी ठेवून बघितलीच. पंचावन्न किलो आणि वर थोडे. पटेलनं तोंड वाकडं केलं, पण थांबवलं नाही. पटेलच्या माणसानं बोरी सायकलवर टाकून सडकेपर्यंत पोचवली.

परतीची बस खच्चून भरलेली होती. वर टपावर जागा नव्हती, म्हणून बोरी दाराशीच आडवी पडली आणि चढणारा प्रत्येक माणूस तिला ठेचकाळत होता. गयाबाईला खिडकीशी अर्धी जागा मिळाली. शंकरराव पुढं दांड्याला धरून उभे होते. कंडक्टर तिकिटं फाडत दारापाशी आला आणि त्यानं बोरीला पायानं ढोसलं.

"ये किसका बोरा है? हटाओ भई."

आजूबाजूची माणसं एकमेकांकडे बघू लागली. शंकररावांनी पुढच्या दोघांना बाजूला सारलं आणि बोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"मेरा है," ते म्हणाले. आवाज गेटावर घोषणा देताना असायचा तेवढा मोठा होता. "मजूरी का गेहूँ है. लगेज का टिकट काटो. और पाँव मत लगाओ."

कंडक्टरनं पाय मागं घेतला आणि तिकीट फाडलं. शंकररावांनी ते घडी करून वरच्या खिशात ठेवलं. गयाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं, कारण तिला रडू येत होतं आणि शेजारची बाई बघत होती. गहू कशाचा आहे, हे कंडक्टरनं विचारलंच नव्हतं.